एकास चोवीस

माझ्या हातून दात होतात.
औसा रोडला, जिन्याखालच्या खोलीत
गुलाबी मेण, पिवळं प्लास्टर,
फळीवर ओळीने दुसऱ्यांच्या हिरड्या, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या.
रात्री नऊला शटर अर्धं ओढतो
आणि खालच्या खणातलं काम वर घेतो:
एक निळं विमान, शर्यतीसाठी बांधलेलं,
जे शर्यतीला पोचलंच नाही.

माप एकास चोवीस.
दिवसाचे चोवीस तास, त्यातला एक याचा.
मी ठरवलं नव्हतं, हिशेब आपोआप जुळला.

कारखान्याचे नकाशे जळाले.
उरले सहा फोटो, सहाही उजव्या बाजूचे.
एकात मेकॅनिक पंखावर कोपर टेकून उभा आहे.
त्याची उंची धरून मी पंखाची जाडी काढली.
तो ताडमाड असेल
तर माझं सगळं खोटं.

पाचव्या फोटोत शेपटीचं सुकाणू लहान,
सहाव्यात बोटभर मोठं.
कोणता फोटो फसवतोय, वर्षभर शोधत बसलो.
मग लक्षात आलं, मधे एक आठवडा गेलाय.
पहिलंच यंत्र ते, रोज बदलायचं.
आज पत्रा कापला, उद्या भोक बुजवलं.
अचूक करायचं म्हणजे आधी तारीख धरायची.

उड्डाण बुधवारी झालं.
मी मंगळवार धरला.
सुकाणू लहानच, रंग काही ठिकाणी ओला,
आणि ते कमी पडणार
हे अजून कुणालाच माहीत नाही.

धड ओतलं ते पाणी रेल्वेने आलं त्या उन्हाळ्यात.
शंभर ग्रॅमला तीस मिली, एवढंच लागतं,
पण महानंदाने घागरीवर खडूने रेघा मारल्या होत्या.
‘आता विमानालाबी तहान लागली का,’ म्हणाली,
आणि स्वतःच्या तांब्यातलं ओतून दिलं.
माझा हात जरा आखडला.
पोटाशी दोन बुडबुडे राहिलेत, ते बुजवले नाहीत.

काचेला बिनरंगी ॲक्रिलिक,
कुणाच्या टाळूला बसायचं तेच.
चारदा धुरकट निघालं.
पाचव्यांदा आतली खुर्ची दिसली
आणि मी उगाच शटरकडे बघितलं, कुणाला तरी दाखवावं म्हणून.

डावी बाजू कुणी टिपलीच नाही.
उजवी उलटी करून लावता येते, बरेच जण लावतात.
मला जमेना.
सव्वीस वर्षांत एक जबडा
दोन्हीकडे सारखा पाहिला नाही.
ज्या बाजूने माणूस चावतो तिकडची दाढ झिजते.
यंत्रालाही तशी एक बाजू असणार,
वैमानिक चढायचा ती,
रंग टाचेने घासलेला,
तेलाचा ओघळ.
पण कुठून कुठवर?
घासून गुळगुळीत केली,
अस्तराचा करडा हात दिला
आणि तेवढ्यावरच ठेवली.

गुरुवारी चाकूरचे हलकुडे सर कवळी न्यायला आले.
ओठ आत गेलेले, शब्दांत नुसती हवा.
‘काय करू लालाव हे?’
सांगितलं.
‘उडतंय का?’
नाही.
‘अन् मूळचं?’
एकदाच, सर. अकरा मिनिटं. मग लढाई आली.
सर करड्या बाजूकडं बराच वेळ बघत राहिले.
हेच मोठं काम राहिलंय, असं वाटलं असेल त्यांना,
किंवा काहीच वाटलं नसेल.
मग कवळी बसवली, दोनदा चावून पाहिलं,
‘उजवीकडं जरा टोचतंय,’ म्हणाले,
आता स्पष्ट.

मी मशीन लावलं.
गुलाबी धूळ उडाली, बारीक,
थोडी निळ्या पंखावर जाऊन बसली.
नऊ वाजेपर्यंत
ती तशीच होती.